फुटीरपणाचा आरोप आणि विभक्ततेचा अर्थ : महाडच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

राजकारणात आणि धर्मकारणात ‘फुटीर’ हा शब्द वर्णनापेक्षा दूषण म्हणून अधिक वापरला जातो. बाहेर पडणाऱ्याला तो चटकन चिकटतो. बाहेर ठेवणाऱ्याला मात्र तो क्वचितच लावला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या वापराची चिकित्सा महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या आणि त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेल्या राजकीय व धार्मिक भूमिकांच्या आधारे केली आहे. वगळणे, वेगळे उभे राहणे आणि फुटून निघणे या तीन क्रिया परस्परांहून भिन्न आहेत, त्यांना एकाच नावाने संबोधल्यामुळे इतिहासाचे मूल्यमापन सदोष होते, असे प्रतिपादन येथे केले आहे. या प्रतिपादनाला अडचणीचा ठरणारा पुरावाही विचारात घेतला आहे.

बीजसंज्ञा : फुटीरता, विभक्त मतदारसंघ, बहिष्कार, धर्मांतर, महाड सत्याग्रह.

१. प्रस्तावना

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, सावित्री नदीच्या खोऱ्यात महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे दोन अंतर्गत तालुके आहेत. वसाहतकाळात पोलादपूर महाड तालुक्यातच मोडत असे. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला. जिल्ह्याचे ‘कुलाबा’ हे नावही १९८१ मध्ये बदलून ‘रायगड’ झाले. या प्रशासकीय विभाजनाला कोणी फुटीरपणा म्हटले नाही. ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु वेगळे होणे ही क्रिया स्वतःहून दूषणास्पद नसते, ती कोणी केली आणि कोणाच्या अधिकाराला धक्का लावून केली यावर तिचे नाव ठरते, हे तीमधून सूचित होते.

याच भूमीचा सतराव्या शतकातील इतिहास हे अधिक ठळकपणे दाखवतो. जावळीच्या मोऱ्यांचा अंमल आजच्या पोलादपूर-महाडच्या डोंगरपट्ट्यापर्यंत पसरला होता. पोलादपूर तालुक्यातील चंद्रगड त्यांच्या ‘चंद्रराव’ या किताबाची आजही आठवण करून देतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मोऱ्यांनी ज्या रायरीचा आश्रय घेतला होता, तोच डोंगर पुढे रायगड झाला आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. विजापूर आणि दिल्ली या दोन्ही दरबारांच्या दृष्टीने ते बंड होते. मराठी मनाच्या दृष्टीने ती सार्वभौमत्वाची घोषणा होती. आदिलशाहीचे अंकित असलेले मोरे मात्र स्वराज्याच्या मार्गातील अडसर ठरले. म्हणजे ‘बंडखोर’ आणि ‘फितूर’ हे शब्द नेहमी कोणत्या तरी सिंहासनाच्या बाजूने उच्चारलेले असतात. ‘फुटीर’ या आधुनिक शब्दाबाबतही हा सावधपणा बाळगणे आवश्यक आहे.

विसाव्या शतकात याच तालुक्यात एका तळ्यावरून जो संघर्ष झाला, त्याने हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा केला. त्या संघर्षाचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. आंबेडकरांवर पुढे सुमारे तीन दशके दोन आरोप होत राहिले. विभक्त मतदारसंघ मागून त्यांनी राष्ट्राचे ऐक्य दुभंगले, हा पहिला आरोप. धर्मांतर करून त्यांनी समाज दुभंगला, हा दुसरा. या दोन्ही आरोपांमागे फुटीरतेची जी कल्पना आहे, तिची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची चिकित्सा

मराठीत विभक्ततेचे अर्थ व्यक्त करणारे शब्द विपुल आहेत आणि त्यांच्या व्याकरणातच एक सामाजिक दृष्टी दडलेली आहे. ‘फुटीर’ म्हणजे फुटणारा. येथे क्रियेचा कर्ता तोच असतो आणि दोषाचा धनीही तोच ठरतो. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे. ज्याला बाहेर ठेवले गेले तो त्यात दिसतो, परंतु बाहेर कोणी ठेवले हे वाक्यातून गळून पडते. ‘वाळीत टाकणे’ या प्रयोगाला मात्र कर्ता लागतोच. बोलीने जे नाव दिले आहे त्यात टाकणारा लपत नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या पहिल्या परिषदेनंतर अवघ्या दोन आठवड्यांत सुरू झालेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले गेले, याकडे या दृष्टीने पाहावयास हवे. भारतातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचे ते पत्र नव्हते. बाहेर ठेवलेला भारतही भारतच आहे, हा दावा त्या नावातच होता.

कौटुंबिक व्यवहारातील ‘वेगळे निघणे’ आणि ‘चूल वेगळी करणे’ हे प्रयोगही उद्बोधक आहेत. चूल वेगळी करण्यासाठी आधी एका चुलीवरचे अन्न खाल्लेले असावे लागते. वाटणी मागण्यासाठी घरात वाटा असावा लागतो. ज्याचे घर मुळातच गावकुसाबाहेर होते, त्याच्याविषयी तो वेगळा निघाला असे म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही विसंगत ठरते.

तथापि ही मांडणी येथेच थांबवणे पुरेसे नाही. अस्पृश्य समाज गावाच्या पूर्णपणे बाहेर होता, असेही नव्हते. महार वतनाच्या व्यवस्थेत गावाची शीव दाखवणे, निरोप पोहोचवणे, सरकारी कामासाठी राबणे ही कामे त्याच्याकडे होती. श्रमाच्या हिशेबात तो गावात होता, पाण्याच्या आणि देवळाच्या हिशेबात गावाबाहेर. ही अर्धी विभक्तता काटेकोरपणे आखलेली होती. तीमधून श्रम मिळत होते आणि समतेची जबाबदारी टळत होती. १९२८ मध्ये महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडले, तेव्हा त्यांनी या आखणीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. तळ्यात प्रवेश आणि वतनी कामातून मुक्तता या दोन मागण्या परस्परविरुद्ध नाहीत. एकाच अन्याय्य हिशेबाच्या दोन बाजू दुरुस्त करण्याचा तो प्रयत्न होता.

याच परिसरातील रावढळ गावचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विचार प्रश्नरूपाने मांडला होता. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका उच्चवर्णीयांना विचारलेल्या प्रश्नांची आहे. अस्पृश्य हे मूळचे अनार्य, म्हणजे वेगळ्या कुळाचे, असे ते मानत. परंतु त्यांचे अर्ज मात्र लष्करभरतीत पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी होते. उगम वेगळा सांगणे आणि सामाईक संस्थेत जागा मागणे या दोन गोष्टी एकाच लेखणीतून येतात, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३. तळ्याचा दावा : वेगळे कोण झाले?

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरवले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने हा ठराव कृतीत आणला. दासगावचे रा. ब. मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस हे या परिषदेमागील प्रमुख कार्यकर्ते होते. प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठरावही मागे घेतला.

या घटनाक्रमाकडे फुटीरतेच्या कसोटीने पाहिले असता पुढील गोष्टी लक्षात येतात. सत्याग्रहींनी वेगळे तळे मागितले नाही. नवी विहीर खणून द्यावी, ही त्यांची मागणी नव्हती. तशी विहीर मिळाली असती तर गावाची शांतता टिकली असती आणि विभक्तताही. जे सर्वांचे आहे त्यात आपणही आहोत, एवढाच त्यांचा दावा होता. अन्य धर्मीयांना आणि गुराढोरांना जेथे मज्जाव नव्हता, तेथे हिंदू म्हणवल्या जाणाऱ्या एका समूहाला मज्जाव होता. विभक्ततेची रेषा धर्माधर्मांतील नव्हती, ती धर्माच्या आतच ओढलेली होती.

दुसरी बाब त्याहून बोलकी आहे. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेपूर्वी ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, परंतु सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. आंबेडकरांनी ती नाकारली. विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाला नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याच परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा ती एका मुस्लिम गृहस्थाने दिली. जातीच्या नावाने रांग वेगळी करण्याची संधी चालून आली असता ती नाकारणाऱ्या चळवळीला फुटीर म्हणणे पुराव्याशी सुसंगत नाही.

तिसरी बाब न्यायालयाची. डिसेंबर १९२७ मध्ये नरहरी दामोदर वैद्य व इतरांनी दिवाणी दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. परिषदेला जमलेल्या समुदायाने हुकूम मोडला नाही. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. विधिमंडळाचा ठराव आणि न्यायालयाचा हुकूम या दोन्ही सामाईक संस्था आहेत. पहिल्याचा आधार घेणे आणि दुसऱ्याचा मान राखणे, हे फुटून निघू पाहणाऱ्याचे लक्षण नव्हे. दाव्याचे स्वरूपही लक्षणीय होते. तो प्रातिनिधिक होता, म्हणजे एका बाजूला सर्व स्पृश्य आणि दुसऱ्या बाजूला सर्व अस्पृश्य अशी नगराची विभागणी फिर्यादीतच केलेली होती. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादिकालापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. कनिष्ठ न्यायालयांत ते टिकले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही, रूढी अनादिकालापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ठरवून वादींचे अपील फेटाळले. ज्या विभक्ततेला सनातन म्हटले जात होते, तिचे वय कायद्याच्या कसोटीवर मोजता आले नाही.

४. राजकारणातील विभक्तता

राजकीय क्षेत्रातील आरोप मुख्यतः विभक्त मतदारसंघाच्या मागणीवर उभा आहे. त्याची तपासणी कालक्रमाने करावी लागते, कारण आरोप करणारे बहुधा १९३१ पासून वाचावयास सुरुवात करतात.

१९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आंबेडकरांनी जी निवेदने दिली, त्यांत संयुक्त मतदारसंघ, प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा यांची मागणी होती. प्रौढ मताधिकार नाकारला गेला तर मात्र विभक्त मतदारसंघाचा आग्रह धरावा लागेल, असेही त्यात होते. मे १९२९ मध्ये मुंबई प्रांतिक समितीच्या अहवालावर सही न करता त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. त्यात जमातवार मतदारसंघांना विरोध होताच, शिवाय सिंध व कर्नाटक मुंबई इलाख्यापासून तोडण्यालाही विरोध होता. म्हणजे ज्या काळात विभक्ततेच्या मागण्या सर्व बाजूंनी येत होत्या, त्या काळात त्यांची भूमिका एकत्रतेची होती. दुसऱ्या गोलमेज परिषदेत, १९३१ मध्ये, ती बदलली. मुसलमान, शीख आदींचे विभक्त मतदारसंघ गृहीत धरले जात असताना केवळ अस्पृश्यांना बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर सोडावे, हा पर्याय त्यांना मान्य झाला नाही.

या ठिकाणी गांधीजींच्या आक्षेपाची योग्य ती दखल घ्यावयास हवी. शीख शीख म्हणून आणि मुसलमान मुसलमान म्हणून कायम राहू शकतील, परंतु अस्पृश्यांनी कायम अस्पृश्य म्हणून राहावयाचे काय, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. हा आक्षेप पोकळ नाही. जी ओळख नष्ट व्हावयाची आहे तिच्यावरच प्रतिनिधित्व उभारले, तर ओळख टिकवण्यात हितसंबंध निर्माण होतात, हे पुढील काळातील राजकारणाने पुष्कळदा दाखवले आहे. मात्र या आक्षेपाची एक मर्यादा होती. ओळख नष्ट करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले जात होते, त्यांनी महाडला एका तळ्याच्या बाबतीत काय केले, हे ताजेच उदाहरण होते. शिवाय ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दिलेली विभक्तता अपुरी होती. त्यांना विभक्त मतदारसंघातील मताबरोबरच सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते आणि ही व्यवस्था कालमर्यादित होती. मुसलमानांच्या विभक्त मतदारसंघाशी तिची बरोबरी करणे तांत्रिकदृष्ट्याही चुकीचे आहे.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने विभक्त मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांतील जागा ७१ ऐवजी १४८ झाल्या, परंतु त्या संयुक्त मतदारसंघात गेल्या. १९५० च्या संविधानाने एकच मतदारयादी, प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा ही रचना स्वीकारली. ती १९२८ च्या निवेदनातील रचनेशी जवळजवळ जुळते. ज्या मागणीची पूर्ती झाल्यावर मागणारा मूळ जागी परत येतो, ती मागणी साधनरूप होती असे म्हणणे न्याय्य ठरते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना, भारतीय संघराज्य घटकांच्या करारातून निर्माण झालेले नसल्यामुळे कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे स्पष्टीकरण देणारे मसुदा समितीचे अध्यक्षही आंबेडकरच होते.

जगाच्या इतिहासात या भेदाला समांतर उदाहरण अमेरिकेचे आहे. १८९६ च्या प्लेसी खटल्याने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. ते सबळांनी दुर्बलांवर लादलेले वेगळेपण होते. १९१४ मध्ये मार्कस गार्वी यांनी जमैकात स्थापन केलेली आणि पुढे अमेरिकेत फोफावलेली संघटना कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र भवितव्याची भाषा बोलू लागली. ते नाकारलेल्यांनी निवडलेले वेगळेपण होते. १९५४ च्या ब्राऊन खटल्याने शाळांपुरते पहिले वेगळेपण अवैध ठरवले. दुसऱ्याची समीक्षा आजही होते, पण दोहोंना एकाच पारड्यात कोणी गंभीर अभ्यासक टाकत नाही.

५. अडचणीचा पुरावा

वरील प्रतिपादनाला छेद देणारा एक पुरावा आहे आणि तो टाळून केलेली चिकित्सा एकांगी होईल. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या परिषदेने अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र गावे वसवण्याची मागणी केली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आंबेडकरांनी विभक्त मतदारसंघाबरोबर या स्वतंत्र वसाहतींचीही तरतूद सुचवली. महाडला वेगळे तळे न मागणारा नेता पंधरा वर्षांनी वेगळे गाव मागतो, याची संगती कशी लावावयाची?

ही मागणी राज्यातून फुटण्याची नव्हती, ती त्याच संघराज्यात आणि राज्याच्याच खर्चाने पुनर्वसन करण्याची होती, असे समर्थन करता येते. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांनी स्वतःचे गावकूस मागितले, असेही म्हणता येते. ही दोन्ही समर्थने खरी आहेत, तथापि पुरेशी नाहीत. वेगळे गाव मिळाल्यावर सामाईक तळ्याचा प्रश्न सुटत नाही, तो उरतच नाही. १९२७ च्या अध्यक्षीय भाषणात फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला देऊन समाजाच्या पुनर्घटनेचे आणि त्यासाठी बेटीबंदी मोडण्याचे जे उद्दिष्ट मांडले होते, ते वेगळ्या गावाने दूर जाते. येथे साधन साध्याच्या जागी येऊ लागले होते, असे नमूद करणे भाग आहे.

परंतु कारणाकडेही पाहिले पाहिजे. एका नगरातील एका तळ्यावरचा हक्क न्यायालयात टिकवण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे लागली. खेड्यापाड्यांतील असंख्य पाणवठ्यांसाठी या गतीने किती काळ लागणार होता? एकत्रतेची मागणी जितकी वर्षे नाकारली जाते, तितकी विभक्ततेची मागणी तीव्र होत जाते. म्हणून १९४२ च्या ठरावाकडे १९२७ चे खंडन म्हणून न पाहता १९२७ च्या नकाराचा हिशेब म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल. संविधानाने स्वतंत्र गावांची कल्पना स्वीकारली नाही. त्याऐवजी अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांवरील सर्वांचा हक्क आणि अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेचे उच्चाटन स्वीकारले. म्हणजे अखेरीस महाडचीच मागणी मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आली.

६. धर्मातील विभक्तता

धर्माच्या क्षेत्रात मात्र विभक्तता साधनरूप राहिली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा, मे १९३६ मधील मुंबईच्या महार परिषदेतील भाषण, त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले पण तेथे न झालेले भाषण आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे धर्मांतर ही एकाच निर्णयाची वाटचाल आहे. येथे परतीची अट नव्हती. राजकारणात एकत्रता आणि धर्मात विभक्तता, हा आंतरविरोध नव्हे काय, असा प्रश्न समीक्षकांनी केला आहे.

त्याचे उत्तर या दोन संस्थांच्या स्वरूपात सापडते. राज्यात अन्याय झाला तर ठराव करता येतो, दावा लढवता येतो, कायदा बदलता येतो. महाडला हे तिन्ही घडले. धर्मात अन्यायाचा आधार जर ग्रंथप्रामाण्य असेल, तर ग्रंथाचा अधिकार मानणाऱ्या चौकटीत राहून दाद मागावयाची कोणाकडे? ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधील युक्तिवादाचा रोख हाच आहे. १९१६ च्या आपल्या निबंधात आंबेडकरांनी जात हा बंदिस्त केलेला वर्ग आहे असे मांडले होते. त्या मांडणीनुसार फुटीरपणाची मूळ संस्था जातच ठरते. तीमधून बाहेर पडणारा समाज फोडत नाही, आधीच फुटलेल्या समाजाचा एक तुकडा म्हणून जगण्यास नकार देतो.

या निवडीची दिशाही अर्थपूर्ण आहे. महाडजवळच गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत आणि डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांनी या परिसरातील बौद्ध अवशेषांना भेट दिली होती. ज्या भूमीत तळ्याचे पाणी नाकारले गेले, तिच्याच खडकात बौद्ध परंपरा कोरलेली होती. या भेटीचा आणि १९५६ च्या निर्णयाचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु निवडलेला धर्म या देशाच्या इतिहासातील होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. देश न सोडता धर्म सोडता येतो, हा आधुनिक नागरिकत्वाचा गाभा या धर्मांतराने प्रत्यक्षात आणला.

राज्यसंस्थेने मात्र या विभक्ततेला सुसंगत प्रतिसाद दिला नाही. १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम बौद्धांनाही लागू होतो. म्हणजे कौटुंबिक कायद्यासाठी ते हिंदूंबरोबर मोजले गेले. दुसऱ्या बाजूने १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्म सोडणाऱ्याची अनुसूचित जातीत गणना होत नव्हती. शिखांसाठी हा आदेश १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी थेट १९९० मध्ये बदलला. सुमारे साडेतीन दशके एकच माणूस केंद्राच्या कायद्यात विवाहासाठी आत आणि सवलतीसाठी बाहेर होता. श्रमासाठी आत आणि पाण्यासाठी बाहेर या जुन्या हिशेबाशी असलेले याचे साम्य अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

७. वाळीत टाकण्याचा अधिकार

आतापर्यंतच्या विवेचनात विभक्तता हा दुर्बळांचा प्रश्न म्हणून आला. एखाद्या समूहाला आपल्याच सदस्याला वेगळे करण्याचा अधिकार असावा काय, हा या प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर तो बहुमताने घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणास्तव बहिष्कृत करणे हा पंथाच्या स्वायत्ततेचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदवले आणि बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते याकडे लक्ष वेधले. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाचा फेरविचार अधिक मोठ्या पीठाकडे सोपवला.

कोकणात हा प्रश्न पुस्तकी नाही. गावकीच्या निर्णयाने कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे रायगड जिल्ह्यात मोठ्या संख्येने पुढे आली आणि त्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. गावकी ही कोकणातील परस्परसाहाय्याची जुनी संस्था आहे. मुंबईत चाकरी करणाऱ्या माणसालाही ती गावाशी, सणाशी आणि देवाशी बांधून ठेवते. परंतु जी संस्था बांधते तीच तोडूही शकते. वाळीत टाकलेले कुटुंब बहुधा त्याच जातीचे असते, म्हणून हा प्रकार केवळ जातिभेदाच्या चौकटीत बसत नाही. सभासदत्व ज्याच्या हाती आहे त्याला सभासदत्व काढून घेण्याची अमर्याद मुभा असावी काय, हा १९२७ चाच प्रश्न येथे नव्या वेषात येतो.

८. निष्कर्ष

१. वगळणे, वेगळे उभे राहणे आणि फुटून निघणे या तीन भिन्न क्रिया आहेत. पहिली सबळांची असते, दुसरी सामाईक जागेत प्रवेश मिळवण्यासाठी असते आणि तिसरी सामाईक जागाच नाकारते. ‘फुटीर’ हा शब्द तिसरीपुरताच राखून ठेवणे उचित होय.

२. एखाद्या विभक्ततेचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावेत. पहिली रेषा कोणी ओढली? आणि मागणी पूर्ण झाल्यास तळे एक होणार की दोन? या कसोटीवर १९२७ ची मागणी निःसंशय एकत्रतेची ठरते. १९३१ ची मागणी साधनरूप ठरते. १९४२ ची मागणी मात्र कसोटीला पूर्णपणे उतरत नाही आणि ते मान्य केल्याने आंबेडकरांच्या विचाराचे महत्त्व कमी होत नाही.

३. राज्य आणि धर्म यांतील विभक्ततेला एकच मोजमाप लावता येत नाही. राज्यात दाद मागण्याची सोय असते, म्हणून तेथे थांबण्याचे कर्तव्यही असते. जेथे अशी सोय नाही, तेथे बाहेर पडणे हा विवेकाचा अधिकार ठरतो.

४. बाहेर पडण्याचा व्यक्तीचा अधिकार आणि बाहेर टाकण्याचा समूहाचा अधिकार हे समान वजनाचे नाहीत. पहिल्यात कर्ता आपल्या कृतीची किंमत स्वतः मोजतो, दुसऱ्यात ती इतरांना मोजावी लागते.

अखेरीस एका वस्तुस्थितीची नोंद आवश्यक वाटते. महाड तालुक्यात दरवर्षी दोन मोठे समुदाय येतात. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि ६ जूनला रायगडावर. एक समतेचा दिन आहे, दुसरा सार्वभौमत्वाचा. दोन्ही घटना इतिहासात बंड म्हणूनच नोंदल्या गेल्या होत्या आणि दोन्हींना आज राष्ट्रीय स्मरणाचे स्थान आहे. तरीही पाठ्यपुस्तकांत त्या वेगवेगळ्या प्रकरणांत असतात आणि वर्गातही बहुधा वेगवेगळ्या तासाला शिकवल्या जातात. फुटीरतेचा खरा अभ्यास करावयाचा तर या दोन तिथी एका अभ्यासक्रमात, एका प्रश्नाखाली आणण्यापासून सुरुवात करता येईल. ते काम न्यायालयाचे किंवा विधिमंडळाचे नाही, महाविद्यालयांचे आहे.